जुन्या कार्डाचा जामीन

अंधेरी पूर्वेला एमआयडीसी, मरोळ, साकीनाका या पट्ट्यातल्या गाळ्यांमध्ये संगणक सहसा एकदम भंगारात जात नाही. तो सरकत जातो. मालकाच्या केबिनमधून हिशेबनिसाच्या टेबलावर, तिथून स्टोअरमध्ये आणि शेवटी पोटमाळ्यावर. प्रत्येक वेळी हलवताना कुणीतरी म्हणतं, "चालतोय ना? मग राहू दे." मी छोट्या कार्यालयांचे सर्व्हर सांभाळतो. अंधेरीपासून घाटकोपर-मुलुंडपर्यंत, अधूनमधून बोरिवलीला. माझं निम्मं काम या 'राहू दे'मधून येतं.

सीप्झ हे निर्यात क्षेत्र इथे १९७३ साली उभं राहिलं. कुंपणाच्या आत निर्यातीची मोठी कामं चालतात, आणि कुंपणाबाहेरच्या गल्ल्यांमध्ये साचे, डाय, जिग, खोकी, लेबलं करणारी बारकी युनिटं. तिथला सर्व्हर म्हणजे वातानुकूलित खोलीतलं कपाट नव्हे. टेबलाखाली ठेवलेला एक टॉवर, वर यूपीएस, आणि कुणाचा पाय लागू नये म्हणून पुढ्यात आडवं लावलेलं प्लायवूड. त्यावरच टॅली, त्यावरच ड्रॉइंगच्या फाइली, आणि बऱ्याच ठिकाणी त्यालाच मॉनिटर लावून कुणीतरी दिवसभर कामही करत असतं. सर्व्हरवर बसून काम करू नये, हे पुस्तकात वाचायचं. गाळ्यात खुर्च्या मोजून आणि मशीनही मोजून.

असा सर्व्हर बदलायची वेळ येते, ती तो बिघडला म्हणून क्वचितच. १४ जानेवारी २०२० ला मायक्रोसॉफ्टने विंडोज सर्व्हर २००८ आर-टूचा नेहमीचा सपोर्ट संपवला. १० ऑक्टोबर २०२३ ला २०१२ आणि २०१२ आर-टू यांची पाळी आली. मग हळूहळू बाकीचे मागे हटतात. हिशेबाच्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती जुन्या विंडोजवर चढत नाही, अँटीव्हायरस नूतनीकरण नाकारतो, ब्राउझर अपडेट घेत नाही, आणि एक दिवस बँकेचं पानच उघडत नाही. लोखंड धडधाकट असतं, पण त्याच्या आजूबाजूचं जग पुढे गेलेलं असतं.

मरोळच्या एका टूलरूममध्ये मला बोलावलं ते अशाच कारणासाठी. मालकांनी, म्हणजे काकांनी, वापरलेला पण दणकट असा एक टॉवर सर्व्हर लॅमिंग्टन रोडच्या संगणक बाजारातून आणला होता. त्यावर विंडोज सर्व्हर २०१९ चढवायचं, जुन्या मशीनवरचा डेटा आणायचा, आणि जुन्या मशीनमधलं ग्राफिक्स कार्डही नव्यात बसवायचं. कार्ड होतं जीफोर्स २१०. लॅमिंग्टन रोडवर त्याला 'टू-टेन' म्हणत. २००९ साली बाजारात आलेलं, जेमतेम ३० वॉट वीज खाणारं, गेम खेळणाऱ्यांनी कधीच नाक मुरडलेलं. पण ज्याला फक्त दोन मॉनिटर हवे होते, त्याच्यासाठी त्याहून स्वस्त काही नव्हतं. त्या काळात मुंबईच्या किती कार्यालयांत ते गेलं असेल, याचा हिशेब नाही.

सर्व्हरला मुळात ग्राफिक्स कार्ड कशाला, असा प्रश्न कुणालाही पडेल. सर्व्हर बनवणाऱ्या कंपन्यांनाही तो पडलेलाच आहे, म्हणून त्या सर्व्हरच्या बोर्डावर जेमतेम चित्र उमटवण्यापुरती एक चिप देतात. गंमत अशी की कित्येक सर्व्हरांच्या बोर्डावरची ती चिप कॅनडातल्या मॅट्रॉक्स कंपनीच्या जी-२०० या आराखड्यावर बेतलेली आहे, आणि जी-२०० हे कार्ड बाजारात आलं १९९८ साली. प्रोसेसरच्या कित्येक पिढ्या झाल्या, मेमरी हजारपट वाढली, पण पडद्यावर अक्षरं दाखवण्याचं काम त्या नव्वदीतल्या आराखड्याने सोडलं नाही. इन्स्टॉलेशनचा निळा पडदा दाखवायला तेवढं पुरतं. काकांच्या ड्रॉइंग करणाऱ्या मुलीला मात्र डाव्या पडद्यावर साच्याचं चित्र आणि उजव्या पडद्यावर ग्राहकाने पाठवलेला नमुना, असं दोन्ही एकाच वेळी हवं होतं. बोर्डावरच्या चिपला एकच व्हीजीए खोबण.

कामाला हात घालण्याआधी कार्ड उलटंसुलटं करून पाहायचं, ही माझी पद्धत. कपॅसिटरची डोकी फुगलीत का, पंखा बोटाने फिरवला तर अडतो का, चिपवरची पेस्ट वाळून खडू झालीय का. मुंबईच्या हवेत सोनेरी दात काळवंडतात. पावसाळा संपला की 'डिस्प्ले येत नाही' असे फोन वाढतात, आणि त्यातले बरेच शाळेतल्या पांढऱ्या खोडरबराने सुटतात. कार्डाच्या खालच्या कडेवरचे ते दात खोडरबराने एकाच दिशेने हलके घासायचे, भुगा ब्रशने झाडायचा, मग मऊ कापड. पंखा कुरकुरत असेल तर मागचं स्टिकर सोडवून शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब. टू-टेनचा पंखा छोटा आणि धुळीने गच्च. दातांवर काळपट रेघ. घासल्यावर दोन्ही ठीक झालं.

मग खाचेचा प्रश्न. सर्व्हरच्या बोर्डावर खाचा चार असल्या तरी लांब कार्ड घेणारी एकच असते. बाकीच्या आखूड आणि टोकाला बंद. तिथे कार्ड शिरतच नाही. लांब खाचेत ते बसलं, मशीन सुरू केलं, आणि कार्डाला जोडलेला मॉनिटर काळाच राहिला. बोर्डावरच्या व्हीजीएला दुसरा मॉनिटर लावला, तर तिथे मात्र सगळं व्यवस्थित. काकांचा चेहरा पडला.

"मेलं का?"

"नाही काका. याला नवी भाषा येत नाही."

कारण साधं आहे. त्या काळची मशीनं बायोसवर सुरू होत आणि कार्डही त्याच पद्धतीने स्वतःची ओळख करून देत असे. नव्या सर्व्हरमध्ये बायोसची जागा यूईएफआयने घेतली. त्याला कार्डाच्या आत जीओपी नावाचा छोटासा कार्यक्रम लागतो. साधारण २०१२ पूर्वीच्या कार्डांमध्ये तो नाहीच. म्हणजे विंडोज उठून स्वतःचा ड्रायव्हर लावेपर्यंत कार्ड मुकं राहणार. जुन्या पद्धतीने सुरू होण्याची सवलत सेटिंगमध्ये देता येते, पण त्यासाठी सिक्युअर बूट, म्हणजे मशीन सुरू होतानाची सह्यांची तपासणी, बंद करावी लागते. ते मला नको होतं. सुरुवातीचं चित्र बोर्डावरच्या चिपने दाखवावं आणि पुढचं कार्डाने, अशी वाटणी केली. सर्व्हर रोज बंद होत नाही, त्यामुळे ती वाटणी कुणाला जाणवतही नाही.

विंडोज सर्व्हर २०१९ चढवताना एका पडद्यावर बरेच जण फसतात. तो विचारतो, कोणता प्रकार? यादीत पहिला पर्याय साधा, आणि त्याला पडदाच नाही, नुसती काळी कमांडची खिडकी. 'डेस्कटॉप एक्सपिरियन्स' लिहिलेला पर्याय मुद्दाम निवडावा लागतो. निवडला. विंडोज उठलं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये आमच्या कार्डाच्या जागी नाव दिसलं, 'मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अडॅप्टर'. ही विंडोज ८ पासून आलेली सोय आहे. कार्ड ओळखू आलं नाही तरी काहीतरी चित्र दाखवायचं, पण एकाच पडद्यावर, ठरलेल्या आकारात, आणि सगळा भार प्रोसेसरवर टाकून. ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर उघडलं, तर साच्याचं त्रिमितीय चित्र फिरवताना प्रत्येक रेष थांबून थांबून येत होती. दुसरा मॉनिटर तर नाहीच.

काका शेजारी स्टूल घेऊन बसले होते. म्हणाले, "अहो, पंखा फिरतोय, लाइट लागतोय, मग हे कार्ड चालत नाही असं कसं म्हणता तुम्ही?"

हा प्रश्न मला प्रत्येक ठिकाणी कुणी ना कुणी विचारतं, आणि तो अगदी रास्त आहे. त्याचं उत्तर मी असं देतो. ड्रायव्हर म्हणजे कार्डाचा जामीन. ऑपरेटिंग सिस्टिमला कार्ड ओळखीचं नसतं. कंपनी पुढे येते आणि म्हणते, हा माझा माणूस, याच्या वागण्याची जबाबदारी माझी, ही घ्या सही. काही वर्षांनी कंपनी जामीन काढून घेते. माणूस तोच, तब्येत तीच, पण दारावरचा वॉचमन त्याला आत घेत नाही.

एनव्हिडियाने टू-टेनच्या पिढीचा जामीन कधी काढला हे कागदावर आहे. विंडोजसाठी त्या पिढीचा शेवटचा ड्रायव्हर ३४२.०१, डिसेंबर २०१६ चा. लिनक्ससाठी ३४०.१०८, डिसेंबर २०१९ चा. सर्व्हर २०१९ साठी असा वेगळा ड्रायव्हर टू-टेनला कधी मिळालाच नाही. पण सर्व्हर २०१९ आणि विंडोज १० ची १८०९ आवृत्ती ही एकाच घरातली भावंडं आहेत, आतला गाभा एकच. तेव्हा विंडोज १० चा ड्रायव्हर चालायला हरकत नव्हती. सेटअप चालवला, तर तो तोंडावर दार लावून मोकळा झाला. या विंडोजशी जुळणारं हार्डवेअर सापडलं नाही म्हणे.

इथे नवखा माणूस हात टेकतो. पण नकार देतो तो सेटअप, ड्रायव्हर नव्हे. सेटअप नकार देण्याआधी आपल्या सगळ्या फाइली सी ड्राइव्हवर एका फोल्डरमध्ये सोडवून ठेवतो. त्यात आयएनएफ नावाच्या फाइली असतात, साध्या नोटपॅडमध्ये उघडणाऱ्या. त्याच खऱ्या जामीनपत्राच्या याद्या. प्रत्येक कार्डाला दोन आकडे असतात, एक कंपनीचा आणि एक मॉडेलचा. १०डीई म्हणजे एनव्हिडिया, १००२ म्हणजे एटीआय, १०२बी म्हणजे मॅट्रॉक्स, आणि इंटेलने आपल्या जुन्या प्रसिद्ध प्रोसेसरची आठवण ठेवून ८०८६ घेतला. डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डाचे गुणधर्म उघडले, 'हार्डवेअर आयडी' पाहिला. १०डीई आणि पुढे ०ए६५. आयएनएफमध्ये शोधलं, तर ०ए६५ ची ओळ जागेवर होती. मग सेटअपला वळसा घालायचा. 'अपडेट ड्रायव्हर', 'माझ्या संगणकावरून निवडतो', 'हॅव डिस्क', आणि त्या फोल्डरकडे बोट. पडदा क्षणभर काळा झाला, परत आला, आणि दुसऱ्या मॉनिटरवर निळा रंग पसरला. ड्रॉइंगवाली मुलगी म्हणाली, "आलं!" काकांनी चहा सांगितला.

फाइलीतलं एक अक्षरही बदलावं लागलं नव्हतं, म्हणून कंपनीची सही शाबूत होती. हे महत्त्वाचं. कारण पुष्कळदा तेवढ्यावर भागत नाही. आयएनएफमध्ये विभागांच्या नावांना शेपूट असतं, आणि त्या शेपटात विंडोजचा प्रकार लिहिता येतो. १ म्हणजे साधं वर्कस्टेशन, २ म्हणजे डोमेन कंट्रोलर, ३ म्हणजे सर्व्हर. मुलुंडला एका कार्यालयात साध्या डेस्कटॉप बोर्डावर सर्व्हर चढवला होता, आणि त्यावरची इंटेलची नेटवर्क चिप चालत नव्हती. फाइल उघडली, तर शेपटाला १ लागलेला. म्हणजे हीच चिप विंडोज १० वर चालेल, सर्व्हरवर नाही. तांत्रिक अडचण शून्य. डेस्कटॉपसाठीची चिप सर्व्हरवर नको आणि सर्व्हरसाठीची महाग घ्या, हे कंपनीचं धोरण एका आकड्यात बसलं होतं.

ती ओळ एका विभागातून उचलून दुसऱ्यात चिकटवली की काम होतं. पण फाइलीत एक स्वल्पविराम जरी हलला तरी सही तुटते. मग विंडोज ती घ्यायला नकार देतं. त्यावर तोडगा म्हणजे तपासणी तात्पुरती थांबवणारी स्थिती, टेस्ट साइनिंग. ती लावली की पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात खाली 'टेस्ट मोड' असं उमटतं. ड्रायव्हर बसवून झाला की ती बंद करायची. मूळ कार्यक्रमावरची सही तशीच असल्याने चिप पुढेही चालत राहते. बऱ्याच ठिकाणी मी पाहतो, तो 'टेस्ट मोड' वर्षानुवर्षं कोपऱ्यात तसाच असतो. कुणीतरी दार उघडून काम केलं आणि कडी न लावता निघून गेलं. पुढे कुणाचीही घरगुती सही असलेला ड्रायव्हर तिथून आत येऊ शकतो, आणि ड्रायव्हर म्हणजे यंत्राच्या पार आतल्या खोलीपर्यंत जाणारा. मुलुंडला ती कडी लावूनच मी उठलो.

अंधेरी ते घाटकोपर हा माझा जुना रस्ता. ८ जून २०१४ ला मेट्रो सुरू व्हायच्या आधी बॅगेत कार्डं, केबली आणि स्क्रू ड्रायव्हर घेऊन मी बेस्टच्या ३४० नंबरने जायचो. साकीनाक्याच्या कोंडीत बस उभी राहिली की मॅन्युअल वाचून व्हायचं. पुढे टू-टेनच्या पिढीचा लिनक्स ड्रायव्हरही ३४० क्रमांकाचाच निघाला. मेट्रो आल्यावर ३४० ची गर्दी ओसरली. ड्रायव्हरचंही तसंच झालं.

घाटकोपरच्या एका कोचिंग क्लासमध्ये तोच क्रमांक भेटला. तिथे डेबियन लिनक्सवर चालणारा सर्व्हर होता. त्यावर प्रश्नपत्रिका, रेकॉर्ड केलेली लेक्चरं, आणि पॅसेजमधल्या टीव्हीवर दिवसभर फिरणारं वेळापत्रक. टीव्ही एचडीएमआयने टू-टेनला जोडलेला. डेबियन १० वरून ११ वर गेल्यावर टीव्ही काळा पडला. मुलं दारात उभी राहून एकमेकांना विचारत होती, आज फिजिक्स कुठल्या वर्गात.

याचं कारण शोधायला फार लांब जावं लागत नाही. लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, सतत बदलतो. आतल्या कामांची नावं बदलतात, काही कामं काढून टाकली जातात. मार्च २०२० मध्ये आलेल्या ५.६ आवृत्तीतून 'आयओरिमॅप नोकॅश' हे एक जुनं काम काढलं गेलं. उघड्या ड्रायव्हरांमध्ये बदल करणारा स्वतःच सगळीकडे दुरुस्ती करतो. पण ३४० हा बंद पेटीतला ड्रायव्हर, आणि त्याच्या मालकाने तीन महिने आधीच त्याचा शेवटचा अंक काढून दुकान मिटलेलं. डेबियन १० मध्ये कर्नल ४.१९ होतं, तिथे ३४० गुण्यागोविंदाने राहत होता. डेबियन ११ ऑगस्ट २०२१ मध्ये आलं ते ५.१० घेऊन, आणि त्यातून ३४० ला वगळलं गेलं. लोकांनी स्वतः केलेल्या दुरुस्त्या, पॅच, मिळतात, ते लावून त्यालाही ५.१० वर उभं करता येतं. पण कर्नलचं प्रत्येक अपडेट आलं की पुन्हा तीच धाकधूक. क्लासमध्ये ते सांभाळणार कोण? फळा पुसणारा मुलगा?

दुसरा मार्ग नूव्होचा. एनव्हिडिया आपल्या कार्डांची आतली माहिती देत नव्हती, तेव्हा काही लोकांनी उलट्या बाजूने सुरुवात केली. कंपनीचा ड्रायव्हर कार्डाशी काय बोलतो, कुठल्या पत्त्यावर कुठला आकडा लिहितो, याची नोंद करणारी साधनं लिहिली, आणि त्या नोंदींवरून अर्थ लावत लावत स्वतंत्र ड्रायव्हर घडवला. फेब्रुवारी २०१० मध्ये, २.६.३३ आवृत्तीत, तो लिनक्स कर्नलचा भाग झाला. जून २०१२ मध्ये फिनलंडमधल्या आल्टो विद्यापीठात लिनक्सचा जनक लिनस टोरवाल्ड्सने एनव्हिडियाला उद्देशून मधलं बोट दाखवलं, ते या असहकाराच्या रागातून. मे २०२२ मध्ये कंपनीने आपल्या ड्रायव्हरचा काही भाग खुला केला, पण तो ट्युरिंग पिढीच्या आणि त्यानंतरच्या कार्डांसाठी. टू-टेनसारख्यांना त्यातलं काही नाही. त्यांना जामीन राहिले ते अनोळखी लोकच.

क्लासच्या मशीनवर नूव्हो आधीपासूनच होता, फक्त बांधून ठेवलेला. कंपनीचा ड्रायव्हर बसताना नूव्होला काळ्या यादीत टाकतो, नाहीतर दोघं एकाच कार्डावर हक्क सांगतात. मी ३४० चे अवशेष काढले, काळी यादी पुसली, मशीन पुन्हा सुरू केलं. तरी टीव्ही काळाच. नूव्होचा मागमूस नाही. मग मशीन सुरू होताना कर्नलला काय सांगितलं गेलं ते वाचलं. 'प्रॉक' नावाच्या फोल्डरमध्ये 'सीएमडीलाइन' म्हणून एक ओळ असते. त्या ओळीच्या शेवटी होतं 'नोमोडसेट'. कधीतरी आधीच्या कुणा जाणकाराने, इन्स्टॉलेशनच्या वेळी पडदा काळा झाला म्हणून, हा शब्द टाकला असणार. त्या वेळी तो बरोबरच होता. पण या शब्दाचा अर्थ असा की कर्नलने ग्राफिक्सला हात लावायचा नाही. नूव्हो त्याच्यासमोर हात बांधून उभा. तो शब्द काढला, टीव्हीवर वेळापत्रक फिरू लागलं.

नूव्होवर कार्ड पूर्ण वेगाने धावत नाही. सुरू होतानाच्या मंद गतीवरच राहतं, आणि वेग वाढवायचा तर हाताने खटपट करावी लागते. वेळापत्रक फिरवायला मंद गती पुरेशी. मरोळच्या साच्यांना ती पुरली नसती. कुठलं औषध कुठे, हे कार्डाच्या वयावरून ठरत नाही, कार्डाकडून काय काम घ्यायचंय यावर ठरतं.

या धंद्यातल्या जुन्या लोकांकडून मी एका वेगळ्या कार्डाबद्दल ऐकलं आहे, आणि मराठी माणसाने ते विसरू नये असं मला वाटतं. पुण्याच्या सी-डॅकचं जिस्ट कार्ड. त्या तंत्राची सुरुवात कानपूरच्या आयआयटीत झाली, आणि १९८८ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॅकने ते घरोघर नाही तरी कार्यालयोकार्यालयी पोचवलं. डॉसच्या काळात संगणकाच्या खाचेत हे कार्ड बसवलं की पडद्यावर देवनागरी दिसे. इस्की ही आपल्या लिप्यांची मानक पद्धत १९९१ मध्ये भारतीय मानक ब्युरोने आयएस १३१९४ म्हणून पक्की केली, ती याच प्रवासातली. पुढे डॉस गेलं, ती खाच गेली, आणि कार्डं कपाटात पडली. बिघडलेली नव्हती. विंडोज २००० ने युनिकोडमधून देवनागरी आणली आणि सोबत 'मंगल' हा टंक दिला. तो घडवला कवी आणि सुलेखनकार प्रा. र. कृ. जोशी यांनी, जुहूच्या एनसीएसटी या संस्थेत, म्हणजे मरोळपासून काही मैलांवर. त्यानंतर मराठी दाखवायला वेगळं कार्ड लागलं नाही, कुठलंही चाललं, टू-टेनसुद्धा.

जिस्टच्या बाबतीत जामीन काढून घेतला गेला, पण आधी त्याचं काम दुसऱ्याकडे सोपवलं गेलं. ते महत्त्वाचं. अडचण झाली ती ज्यांचा मजकूर जुन्या पद्धतीत अडकून राहिला त्यांची. आजही एखाद्या संस्थेच्या जुन्या सीडीवर मराठी मजकूर निघतो आणि पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा गोंधळ दिसतो. यंत्र पुन्हा उभं करता येतं. मजकूर कुठल्या पद्धतीत आहे हे कुणी लिहून ठेवलं नसेल, तर तो उलगडायला फार वेळ जातो.

काकांनी मला शेवटी विचारलं होतं, "नवं कार्ड टाकलं असतं तर?" खरं सांगायचं तर तेही सोपं नव्हतं. स्वस्तात जे नवं म्हणून मिळतं, त्यातलं जीटी ७१० हे केप्लर पिढीचं. त्या पिढीचा ड्रायव्हर ४७० वर थांबला आणि त्याचा सपोर्टही २०२४ मध्ये संपला. म्हणजे डबा नवा आणि आतला जामीन मुदत संपलेला. त्याहून चांगलं घ्यायचं तर किंमत वाढते, आणि सर्व्हरच्या वीजपुरवठ्याचा, खाचेचा विचार करावा लागतो. काकांच्या कामाला टू-टेन पुरत होतं. म्हणून ते ठेवलं. पण ठेवताना मी त्यांना तीन गोष्टी सांगितल्या. हा सर्व्हर इंटरनेटवर थेट उघडा ठेवायचा नाही. विंडोजला स्वतःहून ड्रायव्हर बदलू द्यायचा नाही. आणि कार्ड गेलं तर त्या दिवशी काय करायचं, हे आज ठरवायचं.

ठरलेलं सगळं मी एका कागदावर लिहून कॅबिनेटच्या आतल्या बाजूला चिकटवतो. कार्ड कोणतं, त्याचे दोन आकडे, ड्रायव्हर कोणता आणि त्याची प्रत कुठे ठेवली, सेटअपला वळसा कसा घातला, बायोसमध्ये काय बदललं, कडी लावली की नाही. घाटकोपरच्या मशीनला असा कागद असता, तर 'नोमोडसेट' शोधायला बसावं लागलं नसतं. त्या आधीच्या माणसाने काम चोख केलं होतं, फक्त का केलं ते कुठे लिहिलं नव्हतं. कागदाच्या तळाशी मी एक तारीखही टाकतो. सर्व्हर २०१९ चा सपोर्ट ९ जानेवारी २०२९ ला संपतो, तेव्हा काकांच्या कागदावर त्याच्या आधीच्या दिवाळीचा महिना आहे. त्या महिन्यात कुणीतरी हे सगळं पुन्हा बघायचं. तो मी असेन किंवा दुसरा कुणी.

सगळ्यांना मी हो म्हणत नाही. बोरिवलीच्या एका दवाखान्यात रुग्णांची माहिती असलेल्या सर्व्हरवर असंच जुनं कार्ड चालवायचं होतं, आणि त्यासाठी टेस्ट मोड कायमचा चालू ठेवावा लागला असता. डॉक्टरांना म्हटलं, नवं कार्ड घ्या, मजुरी मी कमी लावतो. त्यांना पटलं. जुनं कार्ड मी घेऊन आलो आणि बाकीच्या निकामी सामानाबरोबर नोंदणीकृत ई-कचरावाल्याकडे दिलं. १ एप्रिल २०२३ पासून नवे ई-कचरा नियम लागू झालेत, पण साकीनाक्याच्या भंगार गल्लीत उघड्यावर केबली जाळणारे अजून दिसतात, म्हणून सामान कुणाच्या हातात जातं ते मी बघतो.

कंपनीने हात काढून घेतल्यावर कार्ड चालवायचं, तर त्याचा जामीन आपणच असतो. मग कशासाठी, किती काळासाठी आणि कुणाच्या डेटावर, हे आधी ठरवावं आणि मगच स्क्रू ड्रायव्हर हातात घ्यावा. काकांना बिल देताना मी त्यात 'जुने ग्राफिक्स कार्ड, मुदत ऑक्टोबर २०२८' असं लिहिलं. ते हसले, म्हणाले, "बिलावर मुदत पहिल्यांदाच बघतोय." मग त्यांनी ती ओळ आपल्या डायरीत उतरवून घेतली.